सावळ्याचा खांदा

नाशिक, ९ जुलै २००६

बाबा,

नमस्कार, आईलाही. आधी बातमी सांगते आणि मग बाकीचं, कारण तुम्ही पत्र शेवटाकडून वाचता हे मला ठाऊक आहे.

आमची निवड झाली! शाल्मलीची आणि माझी, दोघींची. नोव्हेंबरात बँकॉकला रोइंगची मोठी स्पर्धा आहे, बाहेरच्या कितीतरी देशांच्या मुली येणार आहेत. आमची दोघींची नाव आहे, प्रत्येकीच्या हातात दोन वल्ही. नाव इतकी अरुंद की मांडी घालून बसलं तर गुडघे पाण्यावर येतील, आणि लांब मात्र आपल्या ओसरीपेक्षा. सर आमच्याकडे पाहून फार बोलले नाहीत, पण त्यांनी दोघींना चहा पाजला, आणि ते कोणालाही चहा पाजत नाहीत.

आता अडचण. जायचा खर्च ज्याचा त्याने करायचा आहे. हा खेळ आमच्यासारख्यांनी हौसेनेच खेळायचा, मागे उभं राहणारं कोणी नाही. शाल्मलीच्या वडिलांनी, ते यवतमाळला जिल्हा परिषदेत होते, तिच्या लग्नासाठी ठेवलेलं मोडायचं ठरवलं आहे. आपल्याकडे मोडण्यासारखं काय आहे ते मला माहीत आहे, आणि मागचा कापूस कसा गेला तेही. नाही म्हणालात तर मी रुसणार नाही. पण बाबा, नाही म्हणू नका.

चांद्या-सावळ्याला माझ्या नावाने थोपटा. सावळ्याला जरा जास्त, तो लक्षात ठेवतो.

तुमची अपेक्षा


पळसवाडी, ता. दिग्रस, २४ जुलै

अपेक्षा बाई,

आशीर्वाद. पत्र शेवटाकडूनच वाचलं, त्यामुळे आधी गोठ्यात जाऊन बैल थोपटले आणि परत आल्यावर कळलं की तुझी निवड झाली. मग पुन्हा जाऊन थोपटले. चौकातला डबा फोन परत मुका झाला आहे. नसता झाला तरी फोनवर मला ‘हो’ आणि ‘बरं’ याच्या पुढे काही सुचत नाही, म्हणून लिहितो.

तुझ्या उंचीपायी स्थळं परत जातात म्हणून जी बाई हळहळायची, ती तुझी आई आता दारोदार सांगत फिरते, “उंच हाय म्हणून तं नेऊन राह्यले तिले परदेशात!” अंगणवाडीच्या इंदुताईने विचारलं, “रोइंग म्हणजे काय रोयाचा खेळ व्हय का वो?” त्यावर सगळ्या बाया पोट धरून हसल्या. रडायचा खेळ असता तर या वर्षी आपला जिल्हा पहिला आला असता, असं मी म्हणालो, तर कोणी हसलं नाही.

वर्गणी मागायला म्हणून निघालो आणि पुंडलिकरावच्या फाटकावरूनच परत आलो. तो अंगणात होता, मला पाहून आत गेला. माणूस वाईट नाही. कापसाने सगळ्यांना नजर चुकवायला लावलं आहे. मला स्वतःलाही त्याला हाक मारवली नाही.

मग तोड तुझ्या आईने काढली. म्हणाली, वर्गणीला माणूस नाही म्हणते, बोजाऱ्याला कोणी म्हणते का? खरंच आहे. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी ओढत दारात आली की त्यांच्या हातावर बोजाऱ्याचे चार पैसे ठेवावेच लागतात. घरात काही नसलं तरी ठेवतात. तर आता मी नंदीच्या जागी नाव ओढत नेणार आहे. हसू नकोस. लाकूड काटसावरीचं घेतलं, हलकं असतं. शाल्मली म्हणजे काटसावरच ना? सांग तुझ्या मैत्रिणीला, तिच्याच नावाची नाव होते आहे. आत दोन बाहुल्या कोरल्या, एक उंच आणि एक चष्मेवाली. दोघी तोंड पुढे करून ऐटीत बसल्या आहेत.

बाबा


नाशिक, ५ ऑगस्ट

बाबा,

बाहुल्या उलट्या बसवा! पत्र वाचून आम्ही दोघी इतक्या हसलो की वॉर्डनबाई वर आल्या.

रोइंगमध्ये जायच्या दिशेला पाठ करून बसतात. पुढचं काही दिसत नाही, मागे पडलेलं पाणी तेवढं दिसतं. मी शाल्मलीपुढे बसते, म्हणून मला ती कधीच दिसत नाही आणि तिला नेहमी माझी पाठ दिसते. ती म्हणते, तुझ्या चेहऱ्यापेक्षा मला तुझे खांदे जास्त ओळखू येतात. मी थकले आहे, चिडले आहे, की जेवले नाही, सगळं तिला खांद्यावरून कळतं. तुम्ही नाही का, नांगरामागून चालताना सावळ्याच्या वशिंडाकडे पाहून सांगता, आज याचं मन नाही म्हणून? तसंच.

खिळे ठोकले असतील तर राहू द्या. पण पक्के नसतील तर फिरवाच. एवढ्या लांब जाऊन आपण चुकीच्या तोंडाने बसलेलं बरं दिसत नाही.

अपेक्षा


पळसवाडी, २८ ऑगस्ट

अपेक्षा बाई,

खिळे उपटले, बाहुल्या फिरवल्या. उंच बाहुलीचं नाक जरा तुटलं, ते मेणाने चिकटवलं आहे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी दोघांचे खांदे हळद-तुपाने शेकले आणि “आज आवतण घ्या, उद्या जेवाले या” म्हणालो. सावळ्याने दरवर्षीप्रमाणे आवतण देणाऱ्याचाच गमछा खाल्ला. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली दोघं असे उभे राहिले की लोक थांबून पाहत होते. यंदा त्यांना जरा जास्तच सजवलं.

आणि तान्हा पोळा. पोरांच्या रांगेत शेवटी मी, पन्नाशी उलटलेला, हातात सुतळी आणि सुतळीला नाव. पहिल्या दोन घरांपर्यंत वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. तिसरं घर पुंडलिकरावचं. या वेळी तो आत गेला नाही. वाकून बराच वेळ पाहत राहिला.

“मांगं तोंड करून कायले बसोल्या पोरी?”

“तसंच बसा लागते त्या खेळात.”

“मंग पुढचं कसं दिसते?”

“नाही दिसत.”

त्याने मान हलवली. “आपल्यावानीच हाय म्हना,” म्हणाला, आणि खिशात होतं नव्हतं ते नावेत टाकलं. त्यानंतर मला लाज वाटली नाही. तांड्यावरून बाया आल्या, त्यांनी दोन्ही बाहुल्यांना कुंकू लावलं. इंदुताईने तर बाहुल्यांची ओटी भरली. नावेत मग बाहुल्या दिसेनात, इतकं झालं.

खर्चाच्या अर्ध्याला ते पुरलं. उरलेल्याची तजवीज मी लावली आहे. कशी ते विचारायचं नाही, बापाला थोडं झाकून ठेवू दे. ड्राफ्ट वेगळा पाठवतो आहे. आता तू एकटी नाहीस हे लक्षात ठेव. सगळं गाव त्या नावेत बसलं आहे.

बाबा


नाशिक, १७ सप्टेंबर

बाबा,

ड्राफ्ट मिळाला. लगेच नेऊन सरांच्या हातात दिला. पुंडलिककाकांनी दिलं, इंदुताईंनी दिलं, तांड्यावरच्या बायांनी दिलं, हे मी शाल्मलीला इतक्या वेळा सांगितलं की तिलाही आता सगळी नावं पाठ आहेत. रोज पाण्यात उतरताना तुमचं ते वाक्य आठवतं. गाव मागे बसलं आहे म्हटल्यावर वल्हं हलकं थोडंच मारता येतं! सराव दोन्ही वेळा चालू आहे. अक्षर वाकडं आलं आहे, घाईत लिहिते.

एक सहज विचारायचं होतं. दोन वर्षांमागे जुवाने सुजून सावळ्याचा खांदा आला होता, आठवतं? तुम्ही पेरणी लांबवलीत पण त्याच्यावर जू ठेवलं नाही. सगळे हसत होते तुम्हाला. तर तसं नेहमीच करावं लागतं का? की थोडाच आला असेल आणि काम अगदी तोंडावर असेल तर जुंपलेलं चालतं? उगाच मनात आलं. पण नक्की लिहा, वाट पाहते.

अपेक्षा


पळसवाडी, २६ सप्टेंबर

अपेक्षा,

पत्र मिळालं. सावळ्याबद्दल तुला कोणी काय सांगितलं मला माहीत नाही. तांड्यावरच्या हिरासिंगचा जावई नाशिकला बांधकामावर असतो, तो भेटला का? भेटला असेल तर त्याचं मनावर घेऊ नकोस, त्याला दोनाचे चार करून सांगायची सवय आहे. सावळ्या गोठ्यात आहे. मी हे लिहितो आहे आणि तो समोर कडबा खातो आहे.

आणि खांदा थोडा आला असला तरी त्याचं एवढं काय? मागे मी पेरणी लांबवली ते फाजील लाड होते, गाव हसलं ते बरोबरच हसलं. थोड्याशा खांद्यासाठी कोणी बैल बसवून ठेवत नाही. हळद-तेल लावायचं आणि जुंपायचा. चालता चालता मोकळा होतो. बसवला तर उलट आखडतो. तेव्हा तू सावळ्याचा विचार डोक्यातून काढून टाक आणि आपल्या कामाला लाग. इथलं सगळं ठीक आहे, चांद्याही ठीक आहे.

आईने चिवडा दिला आहे. शाल्मलीला त्यातला अर्धा द्यायचा, तुझा अर्धा कसा असतो ते मी ओळखून आहे.

बाबा


नाशिक, २२ नोव्हेंबर

आदरणीय भगवानकाका,

मी शाल्मली. आपण भेटलो नाही, पण माझी बाहुली तुमच्या ओसरीत आहे, म्हणून ओळख असल्यासारखं लिहिते. अपेक्षाने तुम्हाला काही कळवू नको म्हणून शपथ घातली होती. ती मी मोडते आहे.

बँकॉकला आमची पहिली फेरी छान झाली. दुसऱ्या फेरीत अर्धं अंतर गेल्यावर मला काहीतरी तुटल्यासारखा आवाज आला. वाटलं वल्ह्याची कडी गेली. कडी नव्हती गेली, तिचा उजवा खांदा गेला होता. मी थांब म्हणून ओरडत होते. ती थांबली नाही. एका हाताने ओढत राहिली, नाव वाकडी जात राहिली, आणि आम्ही सगळ्यांच्या मागून पोचलो. तिथे तिला नावेतून उचलून काढावं लागलं.

इथे परत आल्यावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणतात, आतलं सगळं फार दिवसांपासून झिजत आलं होतं, वेळेवर विश्रांती मिळाली असती तर वाचलं असतं. हात हलेल, केस विंचरता येतील, घागर नाही उचलता येणार. वल्हं तर नाहीच, कधीच नाही. ती ऐकून घेते आणि भिंतीकडे तोंड करून पडते.

काका, मी तिच्या मागे बसते. तो खांदा सप्टेंबरपासून खाली उतरलेला मला रोज दिसत होता. मी तिला सांगायचे, सरांकडे चल, आपली जागा गेली तर गेली. ती म्हणायची, गावाला काय तोंड दाखवू? एकदा मी सरांकडे निघालेच होते, तर तिने तुमचं पत्र आल्याचं सांगितलं. “बाबांना विचारलंय मी. ते म्हणाले, चालता चालता मोकळा होतो. बसवला तर आखडतो.” तुम्ही म्हणालात म्हटल्यावर मी गप्प बसले. आता रोज वाटतं, का बसले.

दोष द्यायला लिहीत नाही. पण मला झोप लागत नाही म्हणून विचारते. तुम्ही खरंच तसं सांगितलं होतं का?

आपली,
शाल्मली


पळसवाडी, ३० नोव्हेंबर

अपेक्षा,

हे पत्र आईच्या हाती देतो आहे. मीही निघू शकलो असतो. कापूस फुटला आहे, वेचायला माणसं नाहीत, हे सगळं लोकांना सांगायला. खरं कारण हे की तुझ्यासमोर उभं राहून मला हे बोलता येणार नाही.

शाल्मलीने विचारलं आहे, मी तसं सांगितलं होतं का. हो, मी सांगितलं होतं.

सावळ्या गोठ्यात नाही. पोळ्यानंतर आठवडाभरात मी त्याला विकला. तांड्यावरच्या हिरासिंगचा एक बैल गेला होता, त्याला उजव्या बाजूचा हवा होता. ड्राफ्टातलं उरलेलं अर्धं म्हणजे सावळ्या. तुला कळलं तर तू ते पैसे परत पाठवशील, हे मला ठाऊक होतं, म्हणून झाकलं. मग तुझं पत्र आलं, आणि त्यात सावळ्याचा खांदा! मी घाबरलो. वाटलं, हिला कळलं, आता आडून आडून विचारते आहे. खोटं लपवायला मी आणखी खोटं रचत गेलो. समोर कडबा खातो आहे असं लिहिलं तेव्हा समोर रिकामी दावण होती. तुझं मन बैलावरून निघावं म्हणून लिहून टाकलं, खांद्याचं काही नसतं, जुंपायचा. अक्षर वाकडं आहे असं तू लिहिलं होतंस. मी ते वाचलं होतं, पोरी. वाचून पुढे गेलो.

बैलाचा खांदा आला तर त्याच्यावर जू ठेवायचं नसतं. पूर्ण उतरेपर्यंत नाही, मग पेरणी जावो की पीक जावो. माझ्या बापाने हे मला शिकवलं आणि जन्मभर मी ते पाळलं. एकदाच मोडलं, तेही कागदावर, आणि त्या दिवशी माझ्यापुढे बैल नव्हताच. तू होतीस.

शाल्मलीचं पत्र मी आईला वाचून दाखवलं, आणि माझं खोटंही सांगितलं. ती सरकीचं पोतं शिवत होती, ते शिवत राहिली. मग म्हणाली, “तिनं तं तुमाले इचारलं होतं. आपल्या बापाले नाही इचारायचं तं कोनाले इचारायचं?” तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बोलू नये हेच बरं. मी चांद्याशेजारी जाऊन बसतो. तोही सावळ्याची बाजू सोडून उभा राहतो, तिकडे पाऊल टाकत नाही.

काल इंदुताई आली होती. तिला जुलैतली रोयाच्या खेळाची थट्टा आठवली आणि पदर तोंडात कोंबून रडली. पुंडलिकरावने निरोप दिला आहे की बोजारा परत करायचा नसतो, पोरीला सांगा. गावात कोणी तुला एक शब्द बोललेलं नाही. त्यांच्या भीतीने तू थांबली नाहीस आणि ते सगळे विचारतात, थांबली काहून नाही?

आईजवळ हळद आणि तूप दिलं आहे. खांदा तिच्याकडून शेकून घे. बापाने पोरीची माफी मागायची रीत आपल्यात नाही. मी मागतो. आणि प्रवास झेपायला लागला की घरी ये. आवतण घे म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणतो, जेवायला ये.

तुझा बाप


नाशिक, ११ डिसेंबर

बाबा,

हे डाव्या हाताने लिहिते आहे. पानभर व्हायला तीन दिवस लागले.

आईने आल्या आल्या हळद-तूप काढलं. नर्सबाई ओरडल्या, तर आईने त्यांचाच दुखरा गुडघा चोळून दिला. आता त्या काही बोलत नाहीत. टाक्यांच्या बाजूने आई फक्त बोटं फिरवते. दुखतं, पण तिला सांगत नाही. पाहिलंत, माझी खोड अजून गेली नाही.

तुमच्यावर रागवायचा प्रयत्न केला. दोन दिवस खूप रागावलेही, तुम्ही समोर असता तर बोलले नसते. मग आठवलं की ते पत्र मी चार वेळा लिहिलं होतं. पहिल्या तिन्ही वेळा सरळ लिहिलं होतं, ‘बाबा, माझा खांदा दुखतो, खूप दुखतो.’ एवढं वाचून तुम्ही मिळेल त्या गाडीने आला असता आणि मला नावेतून ओढून काढलं असतं. तेच मला नको होतं. म्हणून चौथ्या वेळी स्वतःच्या जागी सावळ्याला घातलं. आणि तुम्ही ‘जुंप’ म्हणालात तेव्हा, खरं सांगते, मला आनंद झाला होता. मला तेच उत्तर हवं होतं.

सकाळी सगळ्या सरावाला धरणावर निघून जातात तेव्हा फार रडू येतं. आता मी होस्टेलवर आले आहे, आणि आई खाली चहा आणायला गेली की खोलीत कोणी नसतं म्हणून मोठ्याने रडते. शाल्मलीला नवी जोडीदार मिळाली आहे. ती म्हणाली, तिच्या खांद्यावरून मला काहीच वाचता येत नाही गं.

मी घरी येते, संक्रांतीच्या आधी. ती नाव आत ठेवून द्या, मला इतक्यात पाहवणार नाही. पण फोडू नका.

सावळ्याला परत आणायचं मनात आणू नका, हिरासिंगकाकांचं काम अडेल. एवढंच करा, बाबा. तांड्यावर स्वतः जा आणि त्यांना सांगून या. सावळ्या मुका आहे, मला निदान आडून विचारता तरी आलं. त्याचा खांदा आला तर, काम कितीही तोंडावर असो आणि कोणी काहीही म्हणो, त्याला जुंपू नका म्हणावं.

तुमची अपेक्षा